बापू, जर्मनीचा कायदा कडक नाहीये

अमळनेरच्या आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर परवा पेपरचं कात्रण पडलं, बसस्टँडवर चाकू काढला, "दोन विधिसंघर्षग्रस्त बालक ताब्यात", म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली 18 च्या आतली पोरं. लगेच बापूंचा मेसेज, बालक कसले, मिसरूड फुटलेले घोडे आहेत, जर्मनीसारखा कडक कायदा पाहिजे. मी नऊ वर्षं स्टुटगार्टला, म्हणून मलाच टॅग.

आता बापूंना कसं सांगू, इथे 14 वर्षांखालच्यावर खटलाच चालत नाही. 2023 ला फ्रॉयडेनबर्गमधे 12 आणि 13 वर्षांच्या दोन पोरींनी 12 वर्षांच्या मुलीला चाकूने मारून टाकलं, तेव्हा वय कमी करा म्हणून इथेपण बोंबाबोंब झाली, तरी 14 चं 14च. उलट 18 ते 20 चा पोरगा कोर्टाला अजून कच्चा वाटला तर त्यालापण बालकायद्यातच घेतात. आपल्याकडे 2015 च्या कायद्यात तीन कप्पे आहेत. मोबाईल चोरी वगैरे किरकोळ, मग गंभीर, आणि खून-बलात्कारासारखे ज्याला कमीत कमी 7 वर्षं शिक्षा आहे ते सगळ्यात वरचे, त्यात पोरगा 16 च्या पुढचा असेल तर त्याला मोठ्यांसारखं चालवायचं का हे बाल न्याय मंडळ बघतं. म्हणजे कागदावर आपणच कडक ना भो!

आमच्या बिल्डिंगमधल्या एका पोराने, 15 चा असेल, दुकानातून हेडफोन उचलला. त्याला 40 तास काम लागलं, वृद्धाश्रमात बटाटे सोलायचे. दर शनिवारी सकाळी कानटोपी खाली ओढून निघायचा, तिथली बाई वहीत तास लिहून सही करायची, एकदा दांडी मारली तर घरी पत्र. समाजसेवा आपल्या कायद्यातपण आहे, पण आपल्याला आठवतो फक्त 2024 च्या पुण्यातल्या पोर्शे अपघातात अल्पवयीन पोराला जामीन देताना लिहायला लावलेला 300 शब्दांचा निबंध. आपण वयावर भांडतो, त्या वहीवर सही कोण करणार यावर कोणी बोलत नाही.

हे सगळं लिहिलं तर चुलतभाऊ म्हणतो, "तू तठे बशीसन आमले शिकाडू नको." मग मीपण चिडलो. लिहिलं, बापू, तुमचा नातू नववीत आहे आणि मंगळग्रह मंदिराच्या रस्त्याने बुलेट पळवतो, 2019 पासून त्यासाठी पालकाला 25,000 दंड आणि 3 वर्षांपर्यंत जेल आहे. (मी स्वतः त्याच रस्त्यावर चौदाव्या वर्षी पप्पांची लुना चालवायचो, ते नाही लिहिलं.)

निळी टिक आली, उत्तर नाही. संध्याकाळी नातवाचा डीपी बदलला, बुलेटच्या जागी गणपती.