सातसातसात करा आणि चहाला जा

तुमचं ऑफिस अंबड एमआयडीसीत. कपाटावर लिनक्सचा सर्व्हर घरघरतोय आणि अकाउंट्सच्या मॅडम सकाळी साडेनऊलाच ओरडतायत, "अहो, फाइल सेव्ह होत नाहीये!" नाशिककर गोदेचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, तुम्ही संकट मॅडमच्या आवाजावरून मोजा. गळ्याशी आलं की विचार बंद. सगळ्यांच्या सामायिक फोल्डरावर, म्हणजे शेअरवर, सरळ सीएचमॉड ७७७ ही हक्क बदलणारी कमांड मारा, सोबत कॅपिटल आर, म्हणजे आतलं पोटातलं सगळंच मोकळं.

हिशोब सोपा आहे. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, बेरीज ७. एकदा फाइलच्या मालकाला, एकदा ग्रुपला आणि एकदा उरलेल्या समस्त जगाला. रामकुंडात बुडी मारायला कोणी पास मागतं का?

काही किरकिरे लोक तुम्हाला सांगतील, अकाउंट्सचा वेगळा ग्रुप करा, फोल्डरला २७७० द्या, म्हणजे आत तयार होणारी फाइल आपोआप त्याच ग्रुपची होते. वर युमास्क, म्हणजे नव्या फाइलचे कोणते हक्क कापायचे ते सांगणारा आकडा, ००२ ठेवा, नाहीतर शेजारच्या टेबलाला ती नुसती बघायला मिळेल. ऐकू नका. यात दहा मिनिटं जातात आणि तोवर चहा गार होतो. शिवाय पगारपत्रक सगळ्यांना दिसलं तर बिघडलं कुठे? पगारवाढीची चर्चा मोकळेपणाने व्हायलाच हवी. होतेही, मिसळीच्या टेबलावर, साहेब सोडून सगळ्यांसमोर.

कोटेशनची काळजी वाटत असेल तर ती फाइल ४४४ करा, फक्त वाचण्यापुरती. निवांत झोप लागेल. फाइल पुसायचा हक्क फाइलवर नसतो, ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरावर असतो, ही क्षुल्लक बाब मनावर घेऊ नका. म्हणजे फोल्डर ७७७ असेल तर काल रुजू झालेला ट्रेनीसुद्धा ती उडवू शकतो. डब्याचं झाकण घट्ट आणि घराला दारच नाही, असा तो बंदोबस्त. पुढे एक १ लावून १७७७ केलं तर ज्याची फाइल त्यालाच पुसता येते. सर्व्हर स्वतःच्या टेम्प फोल्डरला तेच करतो. पण आपण काय सर्व्हरचं ऐकायचं?

आणि बॅकअप? त्याच शेअरवर ठेवा. त्यालाही ७७७. दुजाभाव नको.

आता शेवटची युक्ती. कमांड घाईत टाइप करा आणि पहिल्या स्लॅशनंतर चुकून एक स्पेस द्या. मी ही स्पेस दिलेली आहे, म्हणून खात्रीने सांगतो. शेअरचा पत्ता बाजूला राहतो आणि अख्खा सर्व्हर मुळापासून ७७७ होतो. त्यात सुडो या कमांडच्या फाइलवरचा सेटयुआयडी बिट, म्हणजे ती फाइल मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण, पुसला जातो. म्हणजे रूटचे, सर्व्हरच्या सर्वेसर्वाचे, अधिकार देणारा स्वतःच अधिकार गमावून बसतो. गुप्त किल्ल्या साऱ्या जगाला वाचता येतायत म्हणून एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरायचं दार, तेही कुरकुरायला लागतं. स्टोअरच्या पोरालाही सर्व्हरवर वाटेल ते लिहिता येतं. दुरुस्तीला आत जायचं म्हटलं तर तेवढं तुम्हालाच जमत नाही.

मॅडमची फाइल मात्र सेव्ह झाली.