हर्बेरियममधली निम्मी नावं चुकीची, म्हणून सगळं रद्दी?

"जगभरातल्या हर्बेरियममध्ये उष्ण प्रदेशातल्या निम्म्याहून जास्त नमुन्यांवर चुकीचं नाव आहे, मग ही वाळकी पानं जपण्यावर पैसा कशाला घालवायचा, आता तर फोटो काढला की ॲप नाव सांगतं" असा मेसेज खूप फिरतोय. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पती कागदावर, म्हणजे शीटवर, चिकटवून नावासकट जपून ठेवायची जागा. आता मेसेजमधलं एकेक घेऊ.

आकडा हवेतला नाही. 2015 मध्ये ऑक्सफर्ड आणि एडिनबराच्या संशोधकांचा पेपर आला होता, त्यात आयपोमिया या गटाच्या, म्हणजे रताळं, बेशरम, गणेशवेल, मर्यादवेल या मंडळींच्या, नमुन्यांच्या सुमारे 49,500 ऑनलाइन नोंदी तपासल्या होत्या. त्यातल्या 40 टक्के नोंदींवर जुनं झालेलं नाव होतं, 16 टक्क्यांवरचं नाव धड ओळखू येण्यासारखंच नव्हतं आणि 11 टक्क्यांवर जातीचं नावच नव्हतं. आता सगळ्यात मोठा वाटा बघा, जुनं नाव! कोकणात द्राक्षासारख्या पानांची, पिवळ्या फुलांची एक मोठी वेल दिसते, तिला आधी कॉन्व्हॉल्व्ह्युलस नावाच्या गटात टाकलं, मग आयपोमियात, मग मेरेमियात आणि 2017 पासून ती कॅमोनिया व्हिटिफोलिया आहे. वेल तीच, फक्त शास्त्रज्ञांनी घर बदललं. अशा शीटला "चुकीचं" म्हणणं म्हणजे लग्नानंतर आडनाव बदललं म्हणून बाईचा जन्मदाखला खोटा ठरवण्यासारखं आहे.

खऱ्या चुकाही आहेत, ते मान्यच करायला हवं. त्याच पेपरात डिप्टेरोकार्प, म्हणजे सालाच्या कुळातल्या झाडांचे, एकाच झाडावरून घेऊन वेगवेगळ्या हर्बेरियमना वाटलेले नमुने पाहिले तर 29 टक्के वेळा दोन ठिकाणी दोन नावं निघाली, म्हणजे कुठेतरी कोणीतरी चुकलंच होतं. पण ही चूक पकडली कशावरून? नमुने दोन्हीकडे जपून ठेवले होते म्हणूनच ना! आणि शीटवरची जुनी चिठ्ठी कोणी फाडत नाही, शेजारी नवी चिकटवतात, त्यावर नाव देणाऱ्याची सही आणि वर्ष असतं, म्हणून कोणी कधी काय ठरवलं ते शंभर वर्षांनीही वाचता येतं.

आता ॲपचं. बऱ्याच आयपोमियांची फुलं दुपारपर्यंत मलूल होतात, म्हणून चांगला कलेक्टर सकाळीच एखादं फूल उभं चिरून, उघडून प्रेसमध्ये, म्हणजे नमुने दाबून वाळवायच्या चौकटीत, ठेवतो, म्हणजे आतले पुंकेसर दिसतात. त्यावरचे परागकण मायक्रोस्कोपखाली पाहिले तर आयपोमियाचे काटेरी असतात आणि जुन्या मेरेमिया गटातल्यांचे बिनकाट्याचे, आणि हे वाळलेल्या फुलातही दिसतं. फोटोत कुठून दिसणार हो? फोटो काढावेतच, रंग आणि जागा कळायला ते छानच, पण पुण्याच्या बीएसआयमधल्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममधल्या शीटची जागा ते घेत नाहीत.

राहिला पैशाचा प्रश्न. 1769 मध्ये बँक्स आणि सोलँडर या वनस्पती गोळा करणाऱ्या दोघांनी पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशिया बेटांवर रताळ्याच्या वेलीचा नमुना वाळवून ठेवला, तेव्हा डीएनए हा शब्दही नव्हता. 2018 मध्ये त्याच नमुन्याचा डीएनए काढून संशोधकांनी मांडलं की रताळं तिथे माणसाने नेलं नसावं, आपोआपच पोचलं असावं. यावर पुरातत्त्ववाल्यांनी जोरदार आक्षेप घेतलेत, पण कोणाला पुन्हा तपासायचं असेल तर तो नमुना लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये अजून आहे.