चालता लॅपटॉप मोडीत काढण्याआधी हे वाचा

२०२५ च्या दिवाळीआधी, नरकासुर जाळतात त्याच्या आदल्या आठवड्यात मामांचा फोन आला. "अगो, लॅपटॉप गेला माझा. बंद नाही पडला, चालतोय. पण दुकानदार म्हणतो, १४ तारखेनंतर उघडायचा नाही. उघडला तर बँकेतले पैसे जातील."

माझे मामा निवृत्त शिक्षक, राहतात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. गावच्या उत्सवात दरवर्षी मराठी नाटक होतं, त्याची संहिता टाईप करून सगळ्या नटांना प्रती वाटायचं काम वीसेक वर्षं त्यांच्याकडेच आहे. ते बोलत होते तेव्हा आवाजात खरी भीती होती. दुकानात नवा लॅपटॉप बावन्न हजारांचा ठरवून, दोन हजार ॲडव्हान्स ठेवूनसुद्धा आले होते. जुना परत दिला तर त्याचे दीड हजार मिळणार होते. आणि त्या जुन्यात तेवीस संहिता.

मी हायस्कूलला कॉम्प्युटर शिकवते. दिवाळीपासून आजवर असे फोन मला बरेच आले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी खरं काय ते. मामांच्या लॅपटॉपवर विंडोज १० होती, म्हणजे अख्खं मशीन चालवणारी मूळ प्रणाली. विंडोज १० बाजारात आली २९ जुलै २०१५ ला आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट थांबवला. म्हणजे दर महिन्याला येणारी सुरक्षेची दुरुस्ती थांबली. लॅपटॉप त्या दिवशी बंद पडत नाही, फायली उडत नाहीत, बँकेतले पैसे आपोआप जात नाहीत. कौलारू घराची शाकारणी थांबली तर काय होतं तेच इथे होतं. पहिल्या पावसात कदाचित काहीच होणार नाही, पण कुठलं तरी कौल सरकलेलं असतं आणि ते आपल्याला दिसत नाही. त्यामुळे काहीच न करता तसंच चालू ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही, विशेषतः त्यावर बँकेचे व्यवहार करत असाल तर. पण ‘शाकारणी हवी’ आणि ‘घर पाडा’ यांत फरक आहे, आणि तो फरक गिऱ्हाइकाला सांगणं हे दुकानदाराचं काम होतं. वय झालेल्या माणसाला बँकेची भीती घालून लॅपटॉप विकणं मला अजिबात पटत नाही.

तुमच्या घरी विंडोज १० असेल तर सगळ्यात आधी प्रोसेसर बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, तिथे अबाउट. इंटेलचा असेल तर आय-३ किंवा आय-५ च्या पुढे चार-पाच आकडी नंबर दिसेल. ७२०० म्हणजे सातवी पिढी, ८२५० म्हणजे आठवी, १०२१० म्हणजे दहावी. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर चालतात, शिवाय किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. सातव्या आणि आठव्या पिढीत अंतर जेमतेम वर्षभराचं. मामांचा लॅपटॉप सातव्या पिढीचा आय-३, म्हणून तो रेषेच्या अलीकडे राहिला.

आमच्या शेजारच्या वहिनींचा मात्र आठव्या पिढीचा होता, तरीही ‘हा कॉम्प्युटर चालणार नाही’ असा संदेश येत होता. त्यांनाही नवा घ्यायला सांगितलं होतं. मी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन पाहिलं तर टीपीएम होतं, फक्त बंद होतं. इंटेलच्या मशीनवर ते पीटीटी नावाने असतं, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू केलं आणि विंडोज ११ फुकटात चढली. हा पाच मिनिटांचा उपाय न करता किती लोकांनी चाळीस-पन्नास हजार घातले असतील याचा विचार केला की जीव तुटतो.

आता ज्यांचा लॅपटॉप खरोखरच बसत नाही, त्यांच्यासाठी. विंडोज १० ला आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट मिळू शकतात. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, असावी लागते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा येतो. मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत. तसं नको असेल तर ३० डॉलर भरायचे. एका खात्यावर १० मशीनपर्यंत ही नोंदणी चालते, म्हणजे अख्ख्या घराचं काम एकाच खात्यात होतं. मामांचं मी हेच केलं. दहा मिनिटं लागली, त्यातली सात पासवर्ड आठवण्यात गेली.

हे वर्ष मामांना कशासाठी हवं होतं, तर त्या संहितांसाठी. कारण त्या सगळ्या युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या. युनिकोड म्हणजे मराठी अक्षर कुठल्याही मशीनवर मराठीच दिसावं अशी आजची पद्धत. ज्यांनी त्या काळात मराठी टाईप केलं त्यांना मी काय म्हणते ते कळेल. तशी फाईल दुसऱ्या मशीनवर उघडा, मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो. कारण त्या फॉन्टमध्ये खरी अक्षरं मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. फॉन्ट गेला की चित्र गेलं. नवा लॅपटॉप घेऊन फायली नुसत्या पेनड्राइव्हवर चढवल्या असत्या, तर वीस वर्षांची मेहनत मामांना वाचताच आली नसती, आणि जुना तोवर दीड हजाराला गेलेला.

म्हणून एकेक संहिता युनिकोडमध्ये करायला घेतली. त्यासाठी कन्व्हर्टर इंटरनेटवर फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या मागून येते. रफाराचं बरोबर उलटं. कन्व्हर्टर तिथेच चुकतो. पहिल्या प्रवेशात ‘कीर्ती’चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता, आणि ‘शक्ती’, ‘भक्ती’मधला ‘क्त’ तर सगळीकडेच फुटला होता. मग आम्ही पद्धत ठरवली. मामा जुना छापील कागद हातात धरून मोठ्याने वाचणार आणि मी पडद्यावर दुरुस्त करणार. राजाच्या भाषणाला मामांचा आवाज आपोआप चढतो, विदूषकाचं आलं की ते चष्मा कपाळावर घेतात, कारण ते त्यांना पाठच आहे. आजवर नऊ संहिता झाल्या.

लॅपटॉपचं पोटही उघडलं, त्याबद्दल थोडं सांगते, कारण ‘स्लो झालाय’ या तक्रारीवर आपल्याकडे लॅपटॉप सर्रास टाकून दिले जातात. खालचे स्क्रू काढले तर पंख्याच्या पात्यांवर तांबड्या धुळीचा थर, आणि हवा बाहेर जायची जाळी नमद्यासारखी घट्ट झालेली. आमच्या भागातली धूळ आणि त्यावर चार महिन्यांची दमट हवा, दोन्ही मिळून अशी चिकटते की नुसत्या फुंकरीने जात नाही. मऊ ब्रशने साफ केलं. आतली फिरणारी हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली. तीही त्याच दुकानातून घेतली, दोन हजारांच्या ॲडव्हान्सवर थोडेच पैसे वर पडले. आधी लॅपटॉप सुरू करून मामा चहा ठेवायला जायचे, आता उठायच्या आत पडदा येतो. प्रोसेसर तोच, रॅम तीच. नवा लॅपटॉप घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे एक करून बघाच.

वर्ष संपल्यावर पुढे काय, हेही ठरलंय. संहिता युनिकोडमध्ये आल्या की जुन्या फॉन्टची गरज उरत नाही, आणि मग त्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकायची. पूर्णपणे मोफत, २ जीबी रॅमवर चालतं, ४ असेल तर आरामात. २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी, विंडोजची सवय असलेला माणूस गोंधळत नाही. लिबरऑफिस त्यात आधीच असतं आणि वर्डच्या फायली ते उघडतं. मराठी टाईप करायला इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, लॅपटॉपमधल्या कशालाही हात न लावता. मामांना मी तसं दाखवलं. त्यांनी आधी फायरफॉक्समध्ये भजन लावलं, मग एक संहिता उघडली, आणि म्हणाले, "अगो, अक्षर तर इथे जास्त स्वच्छ दिसतं."

सगळ्यांना मिंट चालेल असं नाही. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल, किंवा तुमच्या कामाचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर त्या वाटेला जाऊ नका. तुम्हाला आज ना उद्या विंडोज ११ चं मशीन लागेल, पण वर सांगितलेली नोंदणी केली तर ते घ्यायला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वेळ मिळतो, घाईत घेऊ नका. जुन्या मशीनवर आडवाटेने विंडोज ११ चढवायचे व्हिडिओ फिरतात, तेही मी कुणाला करून देत नाही. तसं केल्यावर पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, मग केलं कशाला?

गोव्यात घरात कॉम्प्युटर येऊन बरीच वर्षं झाली. सायबर एज योजनेत अकरावीच्या मुलांना कॉम्प्युटर मिळाले, तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या घरांत ते आहेत. इतकी वर्षं वापरूनही त्याची माहिती मात्र आपल्यापर्यंत इंग्रजीतून, अर्धवट आणि बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या तोंडून येते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मामांनी तीन पिढ्यांना मराठी शिकवलं. त्यांना हे सगळं मराठीत कुणी नीट सांगितलं असतं, तर एका संध्याकाळी समजलं असतं. मी सांगितल्यावर समजलंच.

आता जत्रांचे दिवस सुरू झालेत, तालमी रात्री असतात, त्यामुळे रविवारी सकाळी मी मोकळी असते. सत्तरी-डिचोलीतल्या कुणाला मिंट चालवून बघायचं असेल किंवा जुन्या फॉन्टमधलं काही वाचवायचं असेल तर खाली कमेंट करा. येताना लॅपटॉपचा चार्जर आणा आणि ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह. तो मिंटसाठी पूर्ण पुसावा लागतो, तेव्हा त्यातले लग्नाचे फोटो आधी काढून ठेवा.