‘चोरीचं तर नाही ना?’

आज सकाळी जिल्ह्यातल्या एका मोठ्या आठवडे बाजाराला गेले होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उद्या तिथे कॅमेरे घेऊन गर्दी व्हायला नको. घरी येऊन जेवण झालं, भांडी झाली, तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

त्या बाजारात भाजीची ओळ संपली की सुकट-बोंबलाची लागते, मग शेळ्या-कोंबड्या, आणि त्याच्याही पलीकडे बाभळीखाली गोणपाटं अंथरून जुन्या सामानाची माणसं बसतात. तिथे एक मावशी बसते, मी नेहमी तिच्याकडे थांबते. आज माझ्या आधी एक जोडपं उभं होतं, आपल्याच नाशिकचं. बाईंनी धान्य मोजायचं एक पितळी मापटं उचललं. मावशीने आठशे सांगितले. बाईंनी ते उलटंपालटं केलं आणि आजूबाजूच्या चार गोणपाटांवर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “चोरीचं तर नाही ना?” आणि लगेच पुढे, “दोनशे देते.”

म्हणजे चोरीचं असलं तरी दोनशेला चाललं असतं!

मावशी एवढंच म्हणाली, “ताई, गावोगाव पाटी घेऊन फिरते मी. लोकांनी दारात आणून दिलंय. घ्यायचं तर घ्या, आब्रू नका काढू.” ते जोडपं हसून पुढे गेलं. मला हसू आलं नाही.

कारण हे सामान बाजारात कुठून येतं ते मी माझ्या आजोळी पाहिलंय. निफाड तालुक्यात आमच्या मामांचा वाडा होता. तो पाडायचा ठरला तेव्हा भंगारवाल्याचा टेम्पो दारात आला. माजघरातून आणि माळ्यावरून एकेक भांडं अंगणात आलं आणि काट्याच्या आकड्याला लटकलं. हंडे, कळशा, परातींबरोबर आजीचं घंगाळही आलं. तांब्याचं, दोन्ही बाजूंना पितळी कड्या. दिवाळीत पहाटे आम्हा सगळ्या नातवंडांचं अभ्यंगस्नान त्याच घंगाळातल्या पाण्याने व्हायचं. काठावर आजीचं नाव, ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेलं, तिच्या वडिलांनी लग्नात घालून दिलेलं. वजन झालं, पैसे दिले, आणि टेम्पोत जागा कमी पडते म्हणून त्या माणसाने घंगाळ आडवं टाकलं आणि पायाने दाबून चेपलं.

त्यात चोरी कुणीच केली नव्हती. आम्ही स्वतःच्या हाताने दिलं होतं. आणि अशा चेपलेल्या ढिगातून एखादं भांडं ओळखून बाजूला काढणारी, भंगारवाल्याला वजनापेक्षा दोन पैसे जास्त देऊन सोडवून आणणारी कोण? हीच मावशी. तिने नाही घेतलं तर ते भट्टीतच जातं. तिला आपण चोर म्हणायचं?

आता कुणीतरी कमेंटमध्ये येईलच, म्हणून आधीच लिहिते. हो, देवळांतल्या मूर्ती चोरीला जातात आणि कुठे ना कुठे विकल्याही जातात. त्यासाठी 1972 चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, शिल्प, चित्र असं काही समोर आलं तर जरूर विचारा, पावती मागा, शंका आली तर घेऊ नका. पण मापट्याला? अडकित्त्याला? शेवयांच्या पाटाला?

त्या गोणपाटावर काय काय होतं ते तरी बघायचं होतं त्यांनी. मापटं म्हणजे अर्धा शेर. चार शेरांची पायली. 1956 चा वजनमापांचा कायदा आला, किलो-लिटर आले, दुकानांतली जुनी मापं गेली. पण खेड्यात धान्य पुढेही कितीतरी वर्षं पायलीनेच मोजलं जायचं. त्या मापट्याचा काठ एका बाजूला झिजलेला होता. वर आलेलं धान्य हाताने सारखं करून करून झिजलाय तो. हे नवीन वस्तूवर करून दाखवा. शेजारी बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, बैलांच्या घुंगरमाळा, वातीचा स्टोव्ह, पेट्रोमॅक्स, कुलपं आणि त्यांच्यापासून वेगळ्या पडलेल्या किल्ल्यांचा ढीग. जाती आणि पाटे-वरवंटे एकावर एक. घर बदलताना आपण सगळ्यात आधी टाकतो ते हेच, जड म्हणून.

पलीकडे एक पोरगा बशीत नाणी घेऊन बसला होता. भोकाचा पैसा होता, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. एक शिवराईही होती, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. अक्षरं अर्धी नाण्याबाहेर गेलेली. त्याने ती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, “बघा निवांत. घेतलीच पाहिजे असं नाही.” केवढा मोठेपणा त्या पोराचा! (जुनं नाणं मिळालं तर कृपा करून चिंचेने घासू नका. त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, 1980 पासून. आपल्या इतक्या जवळ अशी जागा असून किती जण गेलोय आपण?)

फसवणूक होतेच की, असंही म्हणतील. होते. ॲसिडने काळी केलेली नवी पितळेची होकायंत्रं आणि दुर्बिणी ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून खपवणारे मीही पाहिलेत. पण शिकून घेतलं तर फसायचं कारण नाही. जुन्या तांब्याच्या हंड्याच्या पोटावरून हात फिरवा. दातेरी सांधा लागतो, पत्र्याचे दाते एकमेकांत बसवून झाळलेला. मठारलेला असेल तर हातोडीचे ठोके ओळीने दिसतात, आणि ते नुसते शोभेचे नसतात, ठोक्यांनी पत्रा कडक होतो. आपल्या जुन्या नाशकात तांबट लेन आहे, भांडी बाजार आहे. तांब्या-पितळेसाठी नाव असलेलं गाव आपलं. आणि आपण वजनकाट्यापलीकडे भांड्यातलं काही ओळखत नाही, याचा मला खरंच संताप येतो.

त्याहून संताप येतो तो बफिंगचा. जुनं भांडं घेतात आणि मशिनवर धरून आरशासारखं करून आणतात. ठोके गुळगुळीत होतात आणि काठावरचं नाव पुसट होतं किंवा जातंच. कुण्या सौभाग्यवतीचं नाव, कुणाच्या तरी स्मरणार्थ, कुठल्याशा वास्तुशांतीची तारीख. आपल्याकडे कितीतरी बायकांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, घराच्या पाटीवर नव्हतं. भांड्यावर होतं. तेवढंच होतं.

टेम्पो गेल्यावर आजी ओट्यावर येऊन बसली होती. मामी म्हणाली, आता गिझर बसवू, पाणी तापवायची कटकट नाही. आजीने कुणाला दोष दिला नाही. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाली, “त्याच्यावर माझं नाव होतं.”

मामांना मी कधी बोलले नाही, आजही बोलणार नाही. वाड्याची भिंत खचलेली, वर पावसाळा तोंडावर, नवीन घरात दोनच खोल्या. जागा नसते हे खरंच आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून राहणाऱ्यांना ‘वारसा जपा’ असं मी कुठल्या तोंडाने सांगू? नाहीच सांगणार. पण द्यायचंच असेल तर काट्यावर लटकवू नका एवढं सांगते. आधी भाचीला, पुतणीला, शेजारणीला विचारा. कुणालाच नको असेल तर अशा एखाद्या मावशीला बोलावून द्या. ती ते तिच्या गोणपाटावर उभं करून ठेवेल, नावासकट.

आणि घासाघीस करा, बाजार आहे, ती स्वतःही मनात धरूनच किंमत सांगते. शंभर-दोनशे कमी करेल. पण कॉलेज रोडला कॉफीचे सांगतील तेवढे पैसे निमूट देणाऱ्यांनी उन्हात बसलेल्या बाईपुढे आठशेचे दोनशे करताना जरा विचार करावा.

मापटं मी घेतलं. सातशेला. मावशीने वरून एक पितळी पळी देऊ केली, तिचे मी वेगळे पैसे दिले तेव्हा कुठे तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि चहा मागवला.

पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे. गाडीत तीन जागा आहेत. सकाळी सातला निघायचं, नंतर ऊन सोसत नाही. रोख पैसे आणा, सुटे आणा, कापडी पिशव्या आणा, पाटा-वरवंटा घ्यायचा असेल तर उचलायला माणूसही आणा. ज्यांना यायचंय त्यांनी मेसेज करा. आणि घरात एखादं नाव घातलेलं भांडं असेल तर त्याचा फोटो खाली टाका, मला बघायचंय.