जुन्या गाडीला महाग पेट्रोल कशासाठी पाजायचे?

जुनी गाडी बाळगणाऱ्यांमध्ये एक समजूत इतकी घट्ट बसलेली आहे की तिच्याविरुद्ध बोलले तर समोरचा माणूस दुखावतो. पंपावर मिळणारे सर्वांत महाग पेट्रोल म्हणजे म्हाताऱ्या इंजिनाचे टॉनिक, अशी ती समजूत. मी स्वतः ती वर्षभर पैसे मोजून पाळली आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यात इतरांवरच्या टीकेपेक्षा माझ्या खिशाची हळहळ अधिक आहे, हे आधीच कबूल करतो.

माझी गाडी तीस वर्षांहून जुनी, कार्ब्युरेटरची (जो हवेत पेट्रोल मिसळतो) आणि डिस्ट्रिब्युटरची (जो प्रत्येक सिलिंडरला ठरल्या वेळी ठिणगी पुरवतो) आहे. मी ती घेतली तेव्हा चढावर, वरच्या गिअरमध्ये जरा जोर दिला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज इंजिनातून येत असे. वरच्या दर्जाचे, म्हणजे जास्त ऑक्टेनचे, पेट्रोल भरल्यावर तो आवाज बराच कमी झाला आणि मी निष्कर्ष काढून मोकळा झालो की गाडीला हेच मानवते. पुढे सर्व्हिसिंगच्या वेळी मिस्त्रींनी टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा, लावला. पुलीवरची खूण जिथे दिसायला हवी होती त्याच्या तब्बल सहा अंश पुढे होती. ते म्हणाले, "साहेब, ठिणगीच आधी पडतेय, पेट्रोलला कशाला दोष देता?" त्यांनी डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल केला, तो केसभर फिरवला आणि पुन्हा आवळला. त्याच आठवड्यात टाकी रिकामी होत आल्यावर मी साधे पेट्रोल भरून तोच चढ त्याच गिअरमध्ये चढलो, आणि खडे वाजले नाहीत. वर्षभर मी महाग पेट्रोलने इंजिनाचा दोष झाकत होतो.

असे का झाले हे कळण्यासाठी ऑक्टेन म्हणजे काय ते नीट समजून घ्यावे लागते. ठिणगी पडल्यावर ज्वाला सिलिंडरमध्ये एका बाजूने पसरत जाते. तिच्या पुढे दाबल्या आणि तापल्या गेलेल्या पेट्रोल-हवेच्या उरलेल्या मिश्रणाने ज्वाला पोहोचायच्या आत स्वतःहून पेट घेतला, की दाबाचा जो तडाखा बसतो त्याला आपण नॉकिंग म्हणतो. इंधन या अवेळी पेटण्याला किती दाद देत नाही, याचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेनला १०० आणि सहज ठोकणाऱ्या हेप्टेनला ० धरून ही मोजपट्टी १९२० च्या दशकात तयार झाली. ऑक्टेनचा आकडा म्हणजे इंधनातली ताकद नव्हे. इथेनॉलचा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो, पण एका लिटरमधली त्याची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते. "जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त जोर" असे म्हणणाऱ्यांना एवढे एक उदाहरण पुरावे.

नव्या इंजिनात नॉक सेन्सर असतो. तो ठोका ऐकतो आणि संगणक ठिणगी मागे घेतो. म्हणूनच वरच्या ऑक्टेनसाठी बनवलेल्या अशा गाडीत महाग पेट्रोलचा थोडा उपयोग दिसू शकतो. माझ्या गाडीसारख्या इंजिनात ठिणगीची वेळ दोन वजने, दोन स्प्रिंगा आणि एक व्हॅक्यूमची डबी ठरवतात आणि त्यांना कान नसतात. ऐकणारा चालक एकटाच. इंजिन ठोकतच नसेल, तर त्याहून वरच्या ऑक्टेनचा त्याला काहीही लाभ होत नाही, कारण जी घटना घडतच नाही ती आणखी रोखता येत नाही.

मग आकडा कोणता धरायचा? गाडीच्या पुस्तिकेत दिलेला. पण इथेही मी एकदा फसलो. पुस्तिकेत ९१ लिहिले होते आणि अमेरिकी लेखांत ९१ म्हणजे प्रीमियम असे वाचून मी वरच्या दर्जाकडे वळलो होतो. वस्तुस्थिती अशी की आर.ओ.एन. (रिसर्च ऑक्टेन नंबर) आणि एम.ओ.एन. (मोटर ऑक्टेन नंबर) या ऑक्टेन मोजण्याच्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. दोन्ही कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) बदलता येणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनावर होतात, पहिली मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आणि दुसरी ९०० फेऱ्यांवर व तापलेल्या मिश्रणासह, म्हणून दुसरीचा आकडा साधारण आठ ते दहाने कमी येतो. जगात बहुतेक ठिकाणी पंपावर पहिला आकडा लिहितात, तर अमेरिकेत दोहोंची सरासरी. त्यामुळे जे पेट्रोल एका ठिकाणी ९१ म्हणून विकले जाते, तेच तिथे ८७ च्या आसपास, म्हणजे सर्वांत साध्या दर्जाचे ठरते. पुस्तिकेतला आकडा कोणत्या पद्धतीचा आहे हे पाहिल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये.

पुस्तिका हरवली असेल तर कॉम्प्रेशनवरून अंदाज बांधता येतो. साडेआठच्या आसपास कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनाला ९१ आर.ओ.एन. सहसा पुरते, नऊच्या पुढे ९५ लागू शकते आणि दहाच्या वर गेलेल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांना खरोखरच त्याहून वरचे लागते. हा हिशेब ढोबळ आहे, कारण दहनकक्षाचा आकार आणि हेडचा धातू यांनीही फरक पडतो. शिवाय वय आडवे येते. पिस्टनवर आणि हेडमध्ये कार्बन साचला की कॉम्प्रेशन किंचित वाढते, उष्णता अडकते आणि पूर्वी न ठोकणारे इंजिन ठोकू लागते. माझे मत असे की नव्याने आवाज सुरू झाल्यास आधी टायमिंग, प्लग, कूलिंग आणि कार्ब्युरेटरचे मिश्रण तपासावे, आणि हे सगळे ठीक असूनही आवाज राहिला तरच दर्जा वाढवावा. मात्र कंजूषीने खालचा दर्जाही भरू नये. वेगात असताना नॉकिंग गोंगाटात ऐकू येत नाही आणि रिंगांमधल्या पिस्टनच्या कडा तुटल्यावरच कळते.

शिशाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो ऑक्टेनमध्ये मिसळल्याने बराच गोंधळ होतो. डिसेंबर १९२१ मध्ये थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडने नॉकिंग थांबते असे आढळले. पुढे अनेक दशके शिसे पेट्रोलमध्ये राहिले आणि त्याचे विष हवेत पसरत गेले. २०२१ साली अल्जीरियात ते बंद झाल्यावर जगभरात गाड्यांसाठी त्याची विक्री संपली. या शिशाचा एक बिनमागता फायदा असा होता की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये त्याच्या क्षारांचा पातळ थर बसत असे. तो गेल्यावर मऊ बिडाच्या बैठका झिजू शकतात, विशेषतः गाडी सतत जास्त फेऱ्यांवर पळवली तर. यावर ९७ किंवा ९८ ऑक्टेनचे पेट्रोल हा उपाय नाही, कारण ऑक्टेन बैठकीला वंगण पुरवत नाही. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणाऱ्या भागामधली, फट दर सर्व्हिसिंगला मोजून लिहून ठेवावी. एक्झॉस्टची फट वारंवार कमी होत असेल तर व्हॉल्व्ह बैठकीत रुतत चालला आहे असे समजावे, आणि हेड उघडेल तेव्हा कडक बैठका बसवून घ्याव्यात. फट स्थिर असेल तर हेड उगाच उघडू नये.

राहिले इथेनॉल. महाग दर्जा घेण्याचे एक पटण्यासारखे कारण मला इथेच दिसते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले, झाले आणि वरच्या दर्जात इथेनॉल पाच टक्क्यांपर्यंतच ठेवले गेले, म्हणून तिथले जुन्या गाड्यांचे मालक तो दर्जा घेतात तेव्हा त्यांना ऑक्टेन नको असतो, कमी इथेनॉल हवे असते. हे सगळीकडे लागू होत नाही. कित्येक ठिकाणी महाग पेट्रोलमध्येही तेवढेच इथेनॉल असते, त्यामुळे पंपावरची पाटी वाचूनच ठरवावे. इथेनॉल ओलावा शोषते, जुने रबर फुगवते, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवते आणि त्यात ऑक्सिजन असल्याने कार्ब्युरेटरचे मिश्रण थोडे पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर असे पेट्रोल टाकीत ठेवू नये.

माझ्या गाडीत पंपापासून कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप वरून धडधाकट दिसत होता. अंगठ्याने दाबून वाकवल्यावर त्यावर केसासारख्या भेगा उघडल्या आणि बोटांना काळे लागले. महाग पेट्रोलवर वर्षभर उधळलेल्या रकमेच्या किरकोळ हिश्शात इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे सगळे पाइप आणि नव्या क्लिपा आल्या. त्यानंतर दोन टाक्या संपल्यावर पारदर्शक फिल्टर काढून पाहिला, तर तळाशी तांबूस गाळ बसला होता. तो बदलला आणि तसाच आणखी एक सध्या डिकीत ठेवला आहे.