आत्याचं तानपुरा मशीन

दर दुसऱ्या गुरुवारी ऑफिस सुटलं की मी आत्याचं जुनं तानपुरा मशीन सॅकमध्ये टाकते आणि जर्मनीत कोलोनमधल्या एका बंकरात जाते. बंकर दुसऱ्या महायुद्धातला. भिंती एवढ्या जाड की आता तिथे बँडवाले तालमी करतात. आम्ही सातजण आहोत. एकाकडे वायरींचं जंजाळ असलेला मॉड्युलर सिंथेसायझर (सुटे भाग जोडून विजेवर आवाज घडवणारं यंत्र) आहे, दोघी लॅपटॉपवर असतात, आणि एक निवृत्त गृहस्थ पत्र्याच्या ट्रेला मायक्रोफोन चिकटवून त्यावर चिमटीचिमटीने तांदूळ सोडतात. मी मशीनमधला षड्ज-पंचम फिल्टरमधून काढते, त्याचे तुकडे करते, दहा-दहा मिनिटं घेऊन तो खाली घसरवते. चाल नाही, ठेका तर नाहीच.

गणपती जवळ आले की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला वाद पेटतो. काकांचं म्हणणं, डीजे बंद करा, पारंपरिक वाद्यंच हवीत. मामेभाऊ पुण्यात पथकात ढोल वाजवतो, त्यामुळे तो खूश. वहिनी बाळंतीण होती त्या वर्षीपासून तिचं म्हणणं एकच: मला दोन्ही नकोत, मला झोप हवी. २०२४ मध्ये हरित लवादाने पुण्यातल्या पथकांवर ३० जणांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, तेव्हा तर ग्रुप दोन दिवस शांत झाला नव्हता. अशाच एका फेरीत काका मला म्हणाले, "तूही तिकडे असलंच इलेक्ट्रॉनिक वाजवतेस ना?"

त्यातलं 'असलंच' मला लागलं.

विजेवर चालतं ते परकं आणि कर्कश, कातडं आणि लाकूड ते आपलं, ही वाटणी मला पटत नाही. आपली पेटी कुठली? हार्मोनियमचं पेटंट १८४२ सालचं, पॅरिसचं. तिच्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं) येत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक टप्पे) लागत नाहीत म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती बंदी सुमारे तीस वर्षं टिकली. आक्षेप खोटा नव्हता, तरीही पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्राने पेटी सोडली नाही. बालगंधर्वांच्या पदांमागचा ऑर्गन तर आपण जुन्या रंगभूमीचा सुवास म्हणून आठवतो. (मींड म्हणाल तर माझ्या फिल्टरला ती हवी तेवढी लांब घेता येते, पण हे काकांना सांगून उपयोग नाही.) इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७९ च्या सुमारास बंगळुरूत तयार झाला. आज गाण्याच्या क्लासात तो नसेल तरच नवल. त्याच्याही दहा वर्षं आधी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग कंपनीचा सिंथेसायझर बसवला आणि आपल्याच माणसांनी त्यावर रचना केल्या. त्या टेप पुढे कित्येक वर्षं पडून राहिल्या, ही गोष्ट वेगळी.

कोलोनमध्ये हेच काम सार्वजनिक रेडिओच्या पैशावर झालं. १९५१ मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला आणि १९५६ मध्ये संगीतकार श्टॉकहाउझेनने एका मुलाचा गाता आवाज आणि यंत्रातले स्वर एकमेकांत मिसळून श्रोत्यांच्या भोवती फिरवले. या वारशाचा आम्हाला अभिमान आहे. आमच्या कार्यक्रमाला मात्र चाळीस खुर्च्या मांडतात आणि त्यातल्या डझनभर वादकांच्या नातेवाइकांसाठी असतात.

आमच्यात नियम एकच आहे. प्रत्येकाचा स्पीकर त्याच्याच गुडघ्याशी. सगळ्यांचा आवाज एका ठिकाणी गोळा करून भिंतीसारखा लोकांवर सोडायचा नाही. तांदूळ ऐकू येईनासे झाले की आपलं बटण खाली. पहिले सहा महिने मी फक्त हेच शिकले. मामेभावाला सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्याकडे नव्या पोराला हेच सांगतात, ढोलाकडे बघू नकोस, ताशावाल्याच्या हाताकडे बघ." म्हणजे पथक आणि बंकर एका जातीचे. डीजेच्या ट्रकवरची स्पीकरची भिंत तिसरीच. तिथे वाजवणारा कुणी नसतोच, तयार गाणं असतं आणि वॅट असतात.

इथवर भाऊ माझ्या बाजूने असतो. पण लक्ष्मी रस्त्यासारख्या अरुंद जागी शंभर ढोल एकदम सुरू झाले की मागच्या रांगेला ताशा ऐकू येतो का, असं मी विचारते, आणि तो विषय बदलतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्यातली मर्यादा. आवाज कातड्याचा की करंटचा, हे तिथे कुणी विचारत नाही. या बाबतीत मी वहिनीच्या पक्षात आहे.

इथल्या शांततेचं कौतुक मात्र मला सांगू नका. रात्री दहानंतर वॉशिंग मशीन लावलं तर खालच्या मजल्यावरून चिठ्ठी येते, आणि तेच शेजारी फेब्रुवारीत कार्निव्हलला विदूषकाच्या वेषात ढोल बडवत रस्त्यावर असतात. विसर्जनाचे व्हिडिओ बघून भुवया उंचावणाऱ्या सहकाऱ्यांना मी याची आठवण करून देते. आणि पथक निघालं की गॅलरीत येऊन उभ्या राहणाऱ्या आजीबाई मला कुठून मिळणार? बंकराच्या भिंतींमुळे कुणाची झोप मोडत नाही, तसं कुणी डोकावतही नाही.

मागच्या महिन्यात आत्याला व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवलं. पाच मिनिटं ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "अगं, सुरू कर ना." ॲपने तानपुऱ्याला पंख्याची घरघर समजून गाळून टाकलं होतं. मग रेकॉर्डिंग पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: "ऐकलं सगळं. मशीन छान ठेवलं आहेस. सूर जुळवणं चाललंय ते कळलं. गाणं पुढच्या वेळी पाठव."