टेडीची निगा: पालकांसाठी काही सूचना

मऊ खेळण्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मूल. हे ज्या पालकांच्या वेळीच लक्षात येते, त्यांच्या घरातला टेडी वर्षानुवर्षे नव्यासारखा राहतो. तेव्हा वाढदिवसाला आत्याने किंवा ऑफिसातल्या मंडळींनी वर्गणी काढून आणलेले कमरेएवढे अस्वल घरात येताच ते मुलाच्या मिठीतून अलगद सोडवून घ्यावे, फोटोपुरते पुन्हा हातात द्यावे आणि फोटो झाला की वरचे पारदर्शक प्लॅस्टिक तसेच ठेवून त्याची रवानगी बैठकीच्या खोलीतल्या शोकेसवर करावी. मूल रडेल. त्याला ‘खराब होईल ना रे राजा, मोठा झालास की खेळ’ असे समजवावे. मोठा झाल्यावर त्याला टेडी नको असतो, त्यामुळे दिलेला शब्द पाळण्याची वेळ आपल्यावर कधीच येत नाही.

प्लॅस्टिकविषयी काही शंकेखोर लोक असे म्हणतात की, पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात हवेची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास घुटमळत असताना बंद पिशवीत ओल कोंडते आणि आतल्या अस्वलाला बुरशी धरते. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. बुरशी धरली तरी ती बाहेरून दिसत नाही, आणि पाहुण्यांसमोर जे दिसत नाही ते घरात नसतेच, या तत्त्वावर आपले पोटमाळे आजवर उभे आहेत.

शोकेसवर न मावणारी खेळणी पलंगाच्या उशाशी ओळीने मांडावीत. येथे आपल्याला एक सूक्ष्म सोबती लाभतो. धुळीत राहणारा हा किडा मिलिमीटरच्या एकतृतीयांशाहूनही लहान असतो, माणसाच्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतो आणि पाणी न पिता हवेतला ओलावाच शोषून घेतो. म्हणजे त्याला पाळायला छदामही खर्च येत नाही. ‘मला कुत्रा हवा’ असा हट्ट धरणाऱ्या मुलाच्या उशाशी आपण असे हजारो प्राणी आधीच आणून ठेवले आहेत, हे त्याला अवश्य सांगावे. या किड्याच्या विष्ठेतले कण नाकात गेले की काही मुलांना सकाळी उठल्या उठल्या एकामागून एक शिंका येतात, डोळे चोळावेसे वाटतात, आधीच दमा असेल तर तो उसळतो. अशा वेळी दोष प्रथम बदललेल्या हवेला, मग आइस्क्रीमला आणि शेवटी शाळेतल्या पंख्याला द्यावा. डॉक्टरांनी ‘घरात सॉफ्ट टॉइज आहेत का?’ असे विचारलेच, तर ‘आहेत, पण तो खेळत नाही हो त्यांच्याशी, नुसती उशाशी असतात’ असे निर्धास्तपणे उत्तर द्यावे.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, या मंडळींना झटकावे. दोन अस्वले पायांना धरून एकमेकांवर आपटावीत, शक्यतो खोलीतल्या खोलीत आणि पंखा चालू ठेवून, म्हणजे वर्षभर एकाच जागी साठलेल्या धुळीचे घरातल्या सर्वांना समान वाटप होते. अमुक एका तापमानाच्या पाण्यात धुतल्याशिवाय किडे मरत नाहीत, हे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या घरात आहे आणि तेवढे गरम पाणी सोसणारे कापड नसेल तर खेळणे पिशवीत बांधून पुरा एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवावे व नंतर धुऊन काढावे, कारण थंडीने किडा मरतो पण त्याची घाण जागच्या जागी राहते, असे सांगणारे जाणकारही असतात. त्यांच्या घरचे फ्रीजर बहुधा रिकामे असावेत. आपल्याकडे तिथे मटार असतो.

आता खऱ्या गुन्हेगाराकडे वळू. शोकेसवरच्या या दरबारी मंडळींखेरीज प्रत्येक घरात एक ससा, किंवा पूर्वी ससा असलेले काहीतरी, असते. त्याचा एक कान चोखून चोखून दोरीसारखा पीळदार झालेला असतो, पोटावर वरणभाताचा वाळलेला पापुद्रा असतो, नाकाच्या जागी काळ्या दोऱ्याचे एक टोक उरलेले असते, आणि त्या सगळ्याला लाळेचा, दुधाचा, घामाचा मिळून असा एक वास असतो की घरातले पोर तो हुंगल्याशिवाय झोपत नाही. डोनाल्ड विनिकॉट नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने, जे मनोविश्लेषकही होते, १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे लिहून ठेवले आहे की, अशी वस्तू मळली, तिला वास येऊ लागला तरी आई ती तशीच राहू देते. कारण ती धुतली तर मुलाच्या अनुभवातले सातत्य तुटते आणि त्याच्या लेखी त्या वस्तूचा अर्थच संपू शकतो. विचार उत्तम आहे. पण विनिकॉट साहेबांच्या घरी रविवारी सासरची माणसे येत नसावीत.

म्हणून ससा धुवायचा. त्यासाठी मूल बालवाडीत गेलेले असावे, कारण साक्षीदार नको. खेळण्याच्या शिवणीत अडकवलेल्या चिठ्ठीवर ‘फक्त वरून पुसावे’ असे लिहिलेले असते, पण ती चिठ्ठी टोचते म्हणून आपण पहिल्याच दिवशी कापून टाकलेली असते, त्यामुळे धर्मसंकट उद्भवत नाही. कोमट पाण्यात थोडा साबण फेसाळून मऊ ब्रशने डाग काढणे, किंवा ससा उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून, मशीनच्या सर्वांत हलक्या फेरीवर धुणे हे रिकामटेकड्यांचे उद्योग आहेत. आपण त्याला जीन्स आणि पायपुसण्यांच्या सोबतीने सरळ आत ढकलावे. दया आड येऊ देऊ नये. १९०२ साली मिसिसिपीतल्या शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर ऊर्फ टेडी रूझवेल्ट यांनी नकार दिला, म्हणून टेडीला त्यांचे नाव मिळाले, हे सर्वांना ठाऊक असते. ते जखमी अस्वल नंतर त्यांच्याच सांगण्यावरून सुरीने मारले गेले, हे मात्र खेळण्याच्या डब्यावर छापत नाहीत.

मशीन थांबल्यावर पाहणी करावी. पोटातला कापूस एका पायात गोळा झालेला आणि मान लुळी पडलेली आढळेल. ते नैसर्गिक आहे. पोटात गाणे म्हणणारी डबी असलेले खेळणे असेल तर ती धुण्यापूर्वी काढायची असते, ही माहिती आपल्याला रात्री अडीच वाजता, ते आपोआप बोलू लागल्यावर मिळेल. प्लॅस्टिकचा एक डोळा नाहीसा झाला असल्यास तो मशीनच्या गाळणीत असेल किंवा धाकट्याच्या तोंडात. आधी धाकटे बघावे.

वाळवण्याची पद्धत सर्वश्रुत आहे. दोन्ही कानांना चिमटे लावून ससा बाल्कनीतल्या दोरीवर, तोंड समोरच्या इमारतीकडे करून, टांगावा. चार तासांत तो बाहेरून कोरडा होतो. आतला पॉलिएस्टरचा भरणा ओलाच असतो आणि पूर्ण वाळायला त्याला दोन-तीन दिवस ऊन-वारा लागतो, पण मूल साडेबाराला घरी येते. संध्याकाळपर्यंत कुबट वास सुटला तर त्यावर टाल्कम पावडर शिंपडावी. मूल त्याला हातात घेईल, नाकाशी नेईल आणि ‘हा माझा नाही’ असे म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नये. ते बरोबर असते.

उपाय म्हणून तसाच नवा ससा आणावा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर, हस्तकलेसारखे मोजके अपवाद सोडता, आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, हे ठाऊक असूनही तो सिग्नलवरच घ्यावा, कारण तिथे घासाघीस करता येते. मूल त्यालाही हात लावणार नाही. मग तोही प्लॅस्टिकसह शोकेसवर चढवावा.

राहता राहिला जुना ससा. बोहारीण त्याच्यावर भांडे देत नाही, भंगारवाला घेत नाही आणि अनाथाश्रमात देऊ म्हटले तर तिथले लोक ‘स्वच्छ आणि धड असेल तरच आणा’ असे अपमानास्पद काहीतरी सांगतात. त्याला सुक्या कचऱ्याच्या पिशवीत घालावे आणि पिशवीला गाठ मारावी. मात्र घंटागाडीवाल्यांना अशा प्राण्यांची फार हौस असते. जे आपण टाकतो ते ते गाडीच्या तोंडावर, जाळीला तारेने बांधून, गावभर मिरवतात. म्हणून ही विल्हेवाट शाळेच्या सुट्टीत लावू नये, आणि लावलीच तर निदान महिनाभर सकाळी घंटा वाजू लागली की मुलाला न्हाणीघरात पाठवावे.